आधी माती, मग रूळ

तंजावूरच्या राजवाड्यात, सरस्वती महाल ग्रंथालयात, मराठा राजवटीचे मोडी कागद आजही जपलेले आहेत. पण ज्या भातशेतीवर ते राज्य पोसले गेले, ती कावेरीकाठची माती आपण वारसा मानत नाही. 1861 साली नागपट्टिणमहून रेल्वे इथे पोहोचली. पुढेही मार्ग वाढावेत. मात्र प्रत्येक कामात मातीचा हिशेब आधी मांडावा, असे मला वाटते.

रुळांखालच्या भरावाला शेताचा वरचा सुपीक थर चालत नाही. त्यात मुळे आणि कुजलेला पाला असल्याने तो दबतो, म्हणून खरवडून काढावाच लागतो. तो मुरुमात न मिसळता वेगळा रचावा आणि शेवटी भरावाच्या उतारावर पसरून गवत लावावे. खंदक खणताना गवताची ढेप बाजूला ठेवून नंतर वर बसवतात, तसेच हे.

इथे मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. तोवर उतार उघडे राहिले, तर माती कालव्यांत जाते आणि पाणी शेतात तुंबते. कोकणात धोका याहून मोठा. 22 जून 2003 रोजी वैभववाडीजवळ दरड कोसळून रेल्वेगाडी घसरली आणि सुमारे 50 प्रवासी दगावले. पुढे कोकण रेल्वेने उतारांवर जाळ्या बसवल्या, वाळाही लावला. तमिळमध्ये वाळ्याला वेट्टिवेर म्हणतात; म्हणजे उपाय तंजावूरलाही परका नाही.

खर्च वाढेल, हे खरे. पण सुपीक थर तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. आमच्यापैकी काही जण उद्या सैन्यात इंजिनिअर होऊन रस्ते आणि पूल बांधतील. त्यांनी नकाशावर रेघ ओढण्यापूर्वी तिथली माती पाहावी.