आपाच्या घरचा समुद्र

धुळ्याला माझ्या आपाकडे, पुढच्या खोलीत, शिलाई मशीनच्या शेजारी साठ लिटरची काचेची टाकी आहे. तिच्यात खारं पाणी आहे आणि दोन झिंगे. खायचे नव्हेत, शोभेचे. अंग पिवळसर, पाठ लालभडक, पाठीवरून एक पांढरा पट्टा, मिशाही पांढऱ्या. बाजारात यांना क्लीनर श्रिम्प म्हणतात, कारण समुद्रात हे माशांच्या अंगावरचे परजीवी वेचून खातात. भाचीने दोन वर्षांची ईदी साठवून ते मागवले. ती बारावी सायन्सला आहे.

समुद्र घरी कसा येतो, असं तुम्ही विचाराल. मत्स्यालयासाठीचं खास मीठ मिळतं. लिटरला सुमारे पस्तीस ग्रॅम, म्हणजे या टाकीला दोन किलोच्या वर. घरातलं आयोडीनचं मीठ चालत नाही. पाणी आरओचं, बोअरचं नाही. पहिल्या उन्हाळ्यात एक चूक झाली. उडालेल्या पाण्याच्या जागी ती पुन्हा खारंच पाणी ओतत राहिली. पाणी उडतं, मीठ उडत नाही! खारेपणा वाढत गेला आणि पहिली जोडी गेली. आता भर गोड्या पाण्याची. मे महिन्यात गोठवलेल्या बाटल्या टाकीत तरंगतात आणि फ्रिजमध्ये कुल्फीला जागा उरत नाही, ही आपाची तक्रार.

एकदा सकाळी आपाचा रडवेला फोन आला, "एक मेला गं." मेला नव्हता, कात टाकली होती. टाकलेली कात हुबेहूब झिंग्यासारखी दिसते. दुल्हाभाईंनी विचारलं होतं, यातला नर कोणता, मादी कोणती? उत्तर ऐकून ते गप्पच झाले. हा प्राणी आधी नर म्हणून वाढतो, पुढे एकाच अंगात दोन्ही होतो. ज्याने नुकतीच कात टाकली तो त्या वेळची मादी. त्यामुळे कुठलेही दोन मोठे झिंगे ठेवले की जोडी झाली. पोटाखालच्या पायांना हिरवट अंडी चिकटतात आणि साधारण दोन आठवड्यांत, रात्री दिवा मालवल्यावर फुटतात.

इथवर सगळं सोपं. खरी परीक्षा पुढे. पिल्लं डोळ्यांना जेमतेम दिसतात आणि फिल्टर त्यांना ओढून घेतो. म्हणून त्या रात्री फिल्टर बंद. कोपऱ्यात टॉर्च धरायचा, पिल्लं उजेडाकडे येतात, पेल्याने अलगद उचलून वेगळ्या भांड्यात सोडायची. खायला आर्टिमियाची जिवंत पिल्लं लागतात. त्यांची अंडी डबाबंद मिळतात आणि खाऱ्या पाण्यात दिवसभरात फुटतात. अमेरिकेतल्या युटाच्या खाऱ्या सरोवरातून ती जगभर जातात. तिथला माल धुळ्याच्या गल्लीत फुटतो याचं मला फार नवल वाटतं.

भाचीची पिल्लं एकोणीस दिवस जगली. या जातीची पिल्लं झिंग्याच्या रूपात यायला महिने घेतात. कसलेले लोकही हात टेकतात. विसाव्या दिवशी भांडं रिकामं होतं. पण तिच्या वहीत एकोणीस दिवसांचं तापमान, खारेपणा, किती मेली, सारं लिहिलेलं होतं. मी वीस वर्षं मुलांच्या प्रयोगवह्या तपासते आहे. अशी वही फार थोड्यांची असते.

वाद त्यानंतर पेटला. तिला मत्स्यविज्ञान शिकायचं आहे. रत्नागिरीला शिरगावला शासकीय कॉलेज आहे, 1981 पासूनचं, चार वर्षांची पदवी. दुल्हाभाई म्हणाले, "मच्छी विकायला शिकायचंय का? खालासारखी डीएड, बीएड कर." आणि कबूल करते, आधी मीही त्यांच्याच बाजूने बोलले. मुलगी, इतक्या लांब, हॉस्टेल. मग माझ्या वर्गातल्या मुली आठवल्या. बीएड होऊन आज शिकवण्या घेत बसल्यात.

पुढच्या जुम्याला मी जळगावहून गेले आणि दुल्हाभाईंना अगत्तीची माहिती सांगितली. लक्षद्वीपचं हे बेट, वस्ती जवळजवळ सगळी मुसलमानांची. तिथे केंद्र सरकारच्या लखनौच्या मत्स्य संस्थेने शोभेच्या सागरी झिंग्यांची पैदास बसवली आणि बेटावरच्या बायकांचे गट करून त्यांना पिल्लं वाढवायला दिली. त्यांनी क्लीनरसारखी अवघड जात घेतली नाही, लवकर वाढणाऱ्या लहान जाती निवडल्या. एरवी शोभेचे बहुतेक सागरी जीव प्रवाळातून पकडूनच आणतात. जे टाकीत वाढलं, तेवढं समुद्रातलं वाचलं. आपल्याकडेही ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानने क्लाउनफिशची हॅचरी काढली आहे. म्हणजे हे विषय शिकलेल्या माणसांची गरज आहे.

ते काही बोलले नाहीत. चहा घेतला, लूमवर निघून गेले.

परवा आपाचा फोन आला. एका झिंग्याने पुन्हा अंडी धरली आहेत. आणि दुल्हाभाईंनी रात्री भाचीला विचारलं, रत्नागिरीच्या कॉलेजात मुलींचं हॉस्टेल आवारातच आहे की बाहेर, ते खालाला विचारून ठेव.