श्रीमंत वस्त्यांचे धनी कोण?

मलबार हिल, कफ परेड, पाली हिल येथील धनिक आपल्या वैभवाचे श्रेय स्वतःच्या उद्यमशीलतेला देतात. अर्थशास्त्राचा निष्कर्ष निराळा आहे. कफ परेडची भूमी सार्वजनिक यंत्रणांनी समुद्र हटवून निर्माण केली. इतरत्रही जमिनीचे मोल वाढते ते रस्ते, पाणी, लोकल आणि लाखो श्रमिकांच्या घामामुळे. ही अनर्जित वाढ समाजाची. ती पदरात पाडून घेतो मालक, आणि त्याच्या घरची धुणीभांडी करणारी बाई राहते झोपडपट्टीत!

राज्यकर्त्यांनी समाजाचा हा हक्क कायद्यानेच सोडून दिला. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने मुंबईत ५०० चौरस मीटरची मर्यादा घातली होती. महाराष्ट्राने तो २००७ मध्ये गुंडाळला. १९९१ च्या नियमानुसार गिरण्यांच्या जमिनीचा एकेक तृतीयांश हिस्सा महापालिकेला व म्हाडाला मिळावयाचा होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती उरली. १९८२ च्या संपातील कामगार देशोधडीला लागला आणि लोअर परळला नवे मलबार हिल उभे राहिले.

जमिनीच्या वाढीव मोलावर कर बसवा व त्यातून श्रमिकांची घरे बांधा, ही मागणी साथींनी वॉर्डावॉर्डांत नेलीच पाहिजे.