निंबोळी अर्काला पीपीएम विचारता, मग गोरेपणाच्या क्रीमला काहून नाही?

आज कपाशीवर नाही, कातडीवर लिहितो. विषय शेतीचाच आहे, शेवटपर्यंत वाचा.

मागच्या महिन्यात भाची घरी आली. चेहरा लाल, गालाची साल निघालेली. सोयरीक मोडली होती, पाहुण्यांनी निरोप धाडला होता, "पोरगी सावळी आहे". मग कुणीतरी तिला क्रीम आणून दिली. मी रागावलो तर म्हणते, "मामा, केमिकल नाही त्यात. झाडपाल्याचा अर्क आहे, काही होत नाही."

चष्मा लावून ट्यूब वाचली. हर्बल, शंभर टक्के नैसर्गिक, ७ दिवसांत फरक. बनवणाऱ्याचा पत्ता नाही, बॅच नंबर नाही, कोणता अर्क किती टक्के ते नाही. असं औषध कृषी केंद्रवाल्यानं आपल्याला दिलं असतं तर आपण त्याच्या काउंटरवर आपटलं असतं. अझाडिरॅक्टिन घेताना आपण विचारतो, १५०० पीपीएम आहे का १०,००० पीपीएम? घरी अर्क करतो तेव्हा ५ किलो निंबोळी, १०० लिटर पाणी, हे पाठ आहे. पिकाला मोजून आणि लेकीच्या तोंडाला बिनमोज?

झाडपाल्यात गुण नाही असं मी म्हणत नाही. चिरलेलं वांगं काळं पडतं ना? ते एका एन्झाइमचं काम. आपल्या कातडीत त्याच जातीचं एक एन्झाइम आहे, टायरोसिनेज. त्यानं रंग तयार होतो. ज्येष्ठमधातलं ग्लॅब्रिडिन, बेअरबेरी नावाच्या थंड मुलखातल्या झुडपाच्या पानातलं अर्बुटिन हे त्या एन्झाइमला अडवतात. पण हळूहळू, थोडंसं, डाग फिके करण्यापुरतं. जन्माचा रंग बदलत नाही. आणि लावणं सोडलं, उन्हात गेलं की डाग परत येतात.

म्हणून माझा साधा हिशोब आहे. अर्क असेल तर ७ दिवसांत फरक पडत नाही. ७ दिवसांत फरक पडला तर त्यात अर्काशिवाय दुसरं काही आहे. ते दुसरं म्हणजे पारा, हायड्रोक्विनोन नाहीतर स्टेरॉइड. स्टेरॉइडच्या क्रीम २०१८ पासून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे, तरी कुठं मिळत नाहीत सांगा.

पाऱ्याची गोष्ट लांबची नाही, आपल्या शेजारच्या अकोल्याची आहे. एकाच घरातल्या माय आणि दोन पोरी, तिघींच्या किडनीला इजा झाली. मुंबईच्या केईएमच्या डॉक्टरांनी शोध घेतला तेव्हा त्या लावत असलेल्या क्रीममध्ये पारा निघाला. २०२३ च्या सुरुवातीला पेपरात आलं होतं. क्रीम चेहऱ्याला लावली, मार किडनीला बसला. कातडीतून विष आत जातं हे यवतमाळवाल्याला कुणी शिकवायची गरज आहे का? २०१७ ची फवारणी विसरलो का आपण?

आणि "नैसर्गिक म्हणजे निर्धोक" हे तर शेतकऱ्यानं म्हणूच नये. बिब्बा नैसर्गिक आहे, तेल अंगावर सांडून पाहा. धोतरा नैसर्गिक आहे. लिंबाचा रस चोळून उन्हात निंदायला गेलं तर कातडी भाजून डाग आणखी काळा पडतो.

आता आपल्या लोकांशी बोलतो. गावात गाडी घेऊन येतात, "क्रीमच्या कंपनीसाठी कोरफड लावा, बायबॅक करू". मीही काही वर्षांमागं अर्धा एकर लावली होती. रोपांचे पैसे रोख गेले, माल निघाला तेव्हा फोन बंद. म्हणजे तीच थाप एकीकडं आपल्याला रोप विकते, दुसरीकडं आपल्याच लेकीला ट्यूब विकते. कृषी सहायक भाऊ, तुम्ही लेबल क्लेम समजावता तेव्हा समोर बायाही बसलेल्या असतात. दोन मिनिटं याच्यावरही बोला. पत्ता नाही, बॅच नाही, घटक नाही, तर घ्यायची नाही. लावली असेल आणि अंगावर सूज आली, लघवीला फेस येत असेल तर ट्यूब सोबत घेऊन डॉक्टरकडं जा.

भाचीची ट्यूब मी ठेवून घेतली, तिला कातडीच्या डॉक्टरकडं नेलं. येताना बसमध्ये म्हणाली, "मामा, क्रीम तं तुमी घेतली. पाहुण्याले काय सांगसान?"

मले उत्तर आलं नाही. कारण पोरासाठी पोरगी पाहायला गेलो तेव्हा मीच विचारलं होतं, "गोरी आहे ना?" उन्हात कापूस वेचणाऱ्या बाईच्या रंगावर आपली घरं उभी आहेत, अन् सोयरिकीत तोच रंग आपल्याला खोट वाटतो. तो रंग उन्हापासून वाचवतो, ते कातडीचं संरक्षण आहे.

पाऱ्याची क्रीम कुणीतरी विकतो, पण तिचं गिऱ्हाईक आपण तयार करतो. पुढच्या बैठकीत हा प्रश्न मी विचारणार नाही, आणि माझ्यासमोर कुणी विचारला तर उठून येईन. तुम्ही काय करसान ते तुम्ही ठरवा.