आमच्या विद्यार्थ्यांचे लेखन आणि पुराव्याचा भार



१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर ज्या जनसमुदायाने धम्मदीक्षा घेतली, त्यातील कित्येकांना स्वतःच्या नावाची सहीदेखील करता येत नव्हती. आज त्यांची नातवंडे व पतवंडे महाविद्यालयांत शिकत आहेत, शोधनिबंध वाचीत आहेत, विद्यापीठांना प्रबंध सादर करीत आहेत. हे परिवर्तन अभिमानास्पद आहे, यात संदेह नाही. परंतु लिहिता येणे ही एक गोष्ट झाली आणि लिहिलेले टिकणे ही दुसरी. आमच्या विद्यार्थिवर्गाचे लेखन परीक्षकाच्या, प्रतिपक्षाच्या आणि काळाच्या कसोटीस उतरते काय, हा प्रश्न इतरांनी विचारण्यापूर्वी आपणच आपल्या घरात विचारला पाहिजे.

आमच्या तरुणांचे निबंध वाचताना एक गोष्ट वारंवार प्रत्ययास येते. भावना उत्कट असते, शब्द प्रखर असतात, अन्यायाची चीड खरी असते. पण वाक्यावर बोट ठेवून 'हे कशावरून?' असे विचारले की लेखणी थांबते. 'सर्वांना ठाऊक आहे', 'असे म्हणतात', 'इतिहास साक्षी आहे' यापलीकडे उत्तर येत नाही. न्यायालयात असे उत्तर देणाऱ्या पक्षकाराचा दावा तेथेच ढासळतो. जो विधान करतो त्यानेच ते सिद्ध केले पाहिजे, हा पुराव्याच्या कायद्याचा मूलभूत दंडक आहे. १८७२ चा पुराव्याचा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम अमलात आला. परंतु हा दंडक बदलला नाही. आमच्या मते विद्वत्तापूर्ण लेखनाचा प्राणही हाच आहे. बाकीची सारी लक्षणे यातूनच निघतात.

हा दंडक आमच्या इतिहासाला परका नाही. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ रोजी झाला, हे आमच्या घरातील प्रत्येक मूल जाणते. परंतु त्या तळ्याचा लढा पुढे दहा वर्षे न्यायालयात चालला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात महाडच्या काही सवर्ण रहिवाशांनी दिवाणी दावा दाखल केला. तळे आमच्या मालकीचे आहे आणि अस्पृश्यांनी तेथे पाणी भरू नये अशी अनादि कालापासूनची वहिवाट आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अंतिम निकाल दिला, तो बाबासाहेबांच्या बाजूने. त्या निकालाचे मर्म विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. वहिवाट आहे असे नुसते म्हणून भागत नाही. ती अनादि कालापासून अखंड चालत आली आहे हे सांगणाऱ्याने सिद्ध करावे लागते. आणि वादींना ते सिद्ध करता आले नाही. हजारो वर्षांची म्हणून मिरविली गेलेली रूढी 'कशावरून?' या एका प्रश्नापुढे उभी राहू शकली नाही. ज्या प्रश्नाने आम्हांला पाणी मिळवून दिले, तो प्रश्न आम्हीच आमच्या लेखनात टाळावा, हे कितपत योग्य आहे?

आता चांगल्या अभ्यासपूर्ण लेखनाची लक्षणे कोणती, ते पाहू. त्यासाठी परदेशी पाठ्यपुस्तकांकडे धाव घेण्याचे कारण नाही. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातिसंस्थेवर एक निबंध वाचला. पुढील वर्षी तो 'इंडियन अँटिक्वरी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. विद्यार्थिदशेतील हा निबंध आमच्या प्रत्येक विद्यार्थ्याने विषय म्हणून वाचावाच, पण लेखनाचा वस्तुपाठ म्हणूनही वाचावा.

पहिले लक्षण असे की निबंधाला एक प्रतिपाद्य सिद्धान्त असतो. वरील निबंधात जातीविषयीची सर्व माहिती एकत्र कोंबलेली नाही. जातीच्या पोटातच विवाह करण्याचे बंधन हेच जातीचे सार होय, हा एक सिद्धान्त मांडला आहे आणि मग त्यातून पुढचे सारे उलगडले आहे. गट बंद राखायचा तर विवाहयोग्य स्त्रीपुरुषांची संख्या समान राहिली पाहिजे. पती वारला तर विधवा उरते, पत्नी वारली तर विधुर उरतो. मग सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या चाली कशासाठी आल्या हे क्रमाने दाखविले आहे. एक पायरी काढली तर पुढची उभी राहणार नाही, अशी ती रचना आहे. आमच्या विद्यार्थ्याने लिहावयास बसण्यापूर्वी आपला सिद्धान्त एका वाक्यात लिहून पाहावा. तो एका वाक्यात लिहिता येत नसेल तर अजून वाचन व्हावयाचे आहे, असे समजावे.

दुसरे लक्षण म्हणजे व्याख्या आणि पूर्वपक्ष. आपण कोणता शब्द कोणत्या अर्थाने वापरतो हे आरंभी सांगितले पाहिजे आणि आपल्याआधी त्या विषयावर कोण काय म्हणाले आहे तेही प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. बाबासाहेबांनी सेनार्त, नेसफिल्ड, रिस्ले आणि डॉ. केतकर या चौघांच्या व्याख्या घेतल्या, प्रत्येकीतील ग्राह्य व अग्राह्य भाग वेगळा केला आणि मगच आपले मत सांगितले. केतकरांच्या व्याख्येचे महत्त्व त्यांनी मान्य केले. फक्त त्यांनी जी दोन लक्षणे वेगळी मानली ती एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, एवढे दाखवून दिले. प्रतिपक्षाचे म्हणणे दुबळे करून मांडायचे आणि मग त्याचा पाडाव करायचा, ही सभेतील युक्ती झाली. निबंधात ती चालत नाही. प्रतिपक्षाने वाचून 'होय, माझे म्हणणे हेच आहे' असे म्हणावे, इतक्या नेकीने ते मांडावे. तद्नंतर केलेले खंडनच खंडन ठरते.

तिसरे लक्षण पुराव्याचे आणि त्याच्या ठावठिकाण्याचे. येथे आम्हांस थोडे कठोर बोलणे भाग आहे. बाबासाहेबांच्या नावावर आज कितीतरी वाक्ये भ्रमणध्वनीवरून फिरत असतात. ती कोणत्या ग्रंथात आहेत, कोणत्या भाषणात आहेत, कोणीच विचारीत नाही. आणि आमचे विद्यार्थी ती जशीच्या तशी निबंधाच्या आरंभी देतात. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांचे लेखन व भाषणे खंडशः प्रसिद्ध केली आहेत. मग खंड व पृष्ठ यांचा उल्लेख न करता त्यांचे वाक्य देण्यास कोणतीही सबब उरत नाही. न उच्चारलेले वाक्य त्यांच्या मुखी घालणे ही भक्ती नव्हे, तो त्यांच्या विद्वत्तेचा अवमान आहे.

शिवाय, वाक्य खरोखर त्यांचे असले तरी 'बाबासाहेब म्हणाले' एवढ्याने विधान सिद्ध होत नाही. अंगुत्तर निकायात भगवान बुद्धांनी केसपुत्त येथील कालामांना काय सांगितले? परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, किंवा हा आमचा गुरू आहे म्हणून कोणतीही गोष्ट स्वीकारू नका. जो धम्म आपल्या शास्त्याच्या शब्दालाही परीक्षेतून सूट देत नाही, त्या धम्माच्या अनुयायाने आधारवाक्याला पुरावा समजावे काय? ते वाक्य का खरे आहे, हे विद्यार्थ्याने स्वतः दाखविले पाहिजे.

चौथे लक्षण म्हणजे ज्ञात आणि अनुमित यांतील सीमारेषा स्पष्ट ठेवणे. अस्पृश्यतेच्या उगमावरील बाबासाहेबांचा ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. इतिहासाचे काही दुवे जेथे सापडत नाहीत तेथे आपण अनुमानाचा अवलंब केला आहे, हे त्यांनी प्रस्तावनेत उघड सांगितले आणि तसे करणे का समर्थनीय आहे याचीही चर्चा केली. १९१६ च्या निबंधाच्या शेवटीही, आपला सिद्धान्त न टिकणारा आहे असे कोणी दाखविल्यास तो सोडून देण्याची तयारी त्यांनी दर्शविली होती. आमच्या तरुणांना वाटते की अशी कबुली दिल्याने लेखन दुबळे होते. वस्तुतः उलट आहे. जो साक्षीदार 'एवढे मी पाहिले, एवढे मी तर्काने सांगतो' असे म्हणतो, त्याच्यावरच न्यायाधीशाचा विश्वास बसतो.

पाचवे लक्षण नेमक्या व सुबोध भाषेचे. 'बौद्धांना सवलती नाकारल्या गेल्या व पुढे त्या मिळाल्या' असे वाक्य विद्यार्थी लिहून जातो. कोणी नाकारल्या, केव्हा नाकारल्या, केंद्राच्या की राज्याच्या, काहीच कळत नाही. हेच वाक्य असे लिहून पाहा: '१९५० च्या अनुसूचित जाती आदेशानुसार, पंजाबकडील काही शीख जातींचा अपवाद सोडता, हिंदू धर्माहून भिन्न धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची गणली जात नसे, १९५६ च्या दुरुस्तीने शीख धर्मीयांचा आणि १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धर्मीयांचा त्यात समावेश झाला.' या वाक्यात एकही विशेषण नाही, एकही उद्गारचिन्ह नाही. तरीही धर्मांतराच्या वर्षापासून त्या दुरुस्तीपर्यंत चौतीस वर्षे, म्हणजे एक संपूर्ण पिढी, कशी गेली हे वाचकाला आपोआप उमगते. अन्यायाचे वर्णन करण्यास मोठे शब्द लागत नाहीत. बहुधा तारीख पुरेशी असते. बोजड संस्कृत शब्दांनी किंवा न कळणाऱ्या इंग्रजी परिभाषेने विद्वत्ता सिद्ध होते, हा भ्रमही याच ठिकाणी टाकून द्यावा.

सहावे लक्षण असे की लेखन स्वतःचे असावे. गाइडमधून उतरवून काढण्याची सवय शाळेत लागते आणि ती प्रबंधापर्यंत टिकते. आता तर यंत्राला विषय सांगितला की यंत्रच निबंध लिहून देते, आणि प्रसंगी अस्तित्वात नसलेल्या ग्रंथांचे संदर्भही जोडून देते. नीतीचा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवला तरी कायद्याचा प्रश्न उरतोच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्रबंधातील मजकुराचे इतरांच्या लेखनाशी साम्य दहा टक्क्यांपर्यंत असल्यास शिक्षा नाही. दहाच्या वर चाळीसपर्यंत असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध सादर करावा लागतो; चाळीसच्या वर साठपर्यंत असल्यास एक वर्षपर्यंत तसे करता येत नाही; आणि साठाच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द होते. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी प्रबंध लिहीत आहे, त्या घराला असा आघात परवडणारा नाही. दुसऱ्याचा विचार घेण्यास मनाई नाही. मात्र तो कोणाचा आहे हे सांगून घ्यावा. पंचशीलातील न दिलेले न घेण्याचे शील ग्रंथालयातही लागू आहे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो विचारणीय आहे. कोणी म्हणतील, 'हे सारे नियम वरच्या वर्गांनी घडविले. ज्यांची ग्रंथालये त्यांची, ज्यांचे दप्तर त्यांचे. आमच्या आजोबांना गावाने कसे वागविले याची नोंद कोणत्या दप्तरात सापडणार? आमच्या वेदनेला तळटीप कोठून आणावी?' यावर आमचे उत्तर असे की अनुभव हाही पुरावाच आहे. प्रत्यक्ष पाहणाऱ्याची साक्ष कायदा ग्राह्य मानतो. परंतु साक्षीदाराला कोठे, केव्हा, काय पाहिले हे सांगावे लागते आणि उलटतपासणीस तोंड द्यावे लागते. म्हणून विद्यार्थ्याने आपल्या आजीची आठवण अवश्य लिहावी. पण गाव, सुमारे कोणते साल, पाणवठा कोणता, प्रसंग कोणता, हे विचारून लिहावे. शक्य तर त्याच गावातील दुसऱ्या वृद्धाकडून पडताळून घ्यावे. मग ती केवळ आठवण राहत नाही, दप्तर होते. आमचे दप्तर इतरांनी लिहिले नाही हे खरे. म्हणूनच ते आता काटेकोरपणे लिहिण्याची जबाबदारी आमच्यावर आहे.

आणखी एक गोष्ट. मतभेदाने चांगल्या लेखनाची किंमत कमी होत नाही. रुपयाच्या प्रश्नावरील बाबासाहेबांचा ग्रंथ १९२३ साली लंडनहून प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यास प्रा. एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली. आपण लेखकाच्या पुष्कळ टीकेशी सहमत नाही, हे त्यांनी त्याच प्रस्तावनेत नमूद केले, आणि तरीही ग्रंथातील विचारांच्या ताजेपणाची वाखाणणी केली. असहमत वाचकानेही आदराने वाचावे, असे लेखन हवे. आपल्याच लोकांच्या टाळ्या मिळविणे सोपे असते.

शेवटी एक सूचना करावीशी वाटते. वर्षावासात आमच्या विहारांतून ग्रंथवाचन होत असतेच. त्या काळात पंधरवड्यातून एक बैठक विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवावी. एका विद्यार्थ्याने आपला निबंध वाचावा आणि उपस्थितांनी त्याला तीनच प्रश्न विचारावेत: हे कशावरून? हे कोठे आहे? आणि याच्या विरुद्ध मत असणारा काय म्हणतो? प्रश्न विचारण्यास पदवी लागत नाही. निरक्षर आजीदेखील पहिला प्रश्न विचारू शकते, आणि बहुधा तीच तो सर्वांत चांगला विचारील. ज्या मुलामुलींनी या तीन प्रश्नांना आपल्या माणसांत उत्तरे दिली आहेत, ती उद्या विद्यापीठात, आयोगापुढे किंवा न्यायासनासमोर उभी राहतील तेव्हा त्यांची लेखणी थांबणार नाही.

जय भीम.