'बाइंड' फसल्यास काय करावें?

संगणकांच्या जाळ्यांत जो प्रोग्राम इतरांची सेवा करूं इच्छितो, त्याला प्रथम आपलें ठिकाण निश्चित करावें लागतें. सॉकेट उघडून तें एका पत्त्याशीं व पोर्ट-क्रमांकाशीं जोडणें, यालाच 'बाइंड' म्हणतात. ही रीत बर्कले येथील विद्यापीठाच्या १९८३ सालच्या युनिक्सपासून पसरली.

पत्ता व क्रमांक मिळूनच ठिकाण होतें, हें दादरच्या प्रवाशांस निराळें सांगावयास नको. पश्चिम व मध्य या दोन्ही रेल्वेंचे तेथें आपापले एक क्रमांकाचे फलाट होते, ता. ९ डिसेंबर २०२३ पासून मध्य रेल्वेच्या फलाटांस ८ ते १४ हे क्रमांक मिळाले. तसाच एका यंत्राच्या दोन पत्त्यांवर एकच क्रमांक सुखानें नांदतो. पण एखाद्या प्रोग्रामनें 'सर्व पत्ते' मागून तो क्रमांक घेतला, कीं दुसऱ्यास जागा उरत नाहीं.

अशा वेळीं आम्हां विद्यार्थ्यांत एक प्रघात पडला आहे: 'ट्राय' लिहावयाचें आणि 'एक्सेप्ट'खालीं 'पास' लिहून मोकळें व्हावयाचें. लाल अक्षरें दिसत नाहींत, परीक्षकही पुढें सरकतात. प्रोग्राम मात्र कोणाचीच हांक ऐकत नसतो! हा प्रघात मला सर्वस्वीं घातक वाटतो.

कारण संगणक येथें मोघम बोलत नाहीं. पायथॉन जो 'ओएस-एरर' देतो, त्यांत कारणाचा आंकडा असतो. लिनक्सवर १३ आला तर परवानगी नाहीं. १०२४ च्या खालचे क्रमांक सामान्य वापरणाऱ्यास सहसा मिळत नाहींत. ९९ आला तर मागितलेला पत्ता या यंत्राचा नव्हे. या दोहोंत पुनःपुन्हां प्रयत्न करणें म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ९८ मात्र विचार मागतो. त्याचा अर्थ जागा अडलेली आहे. कित्येकदां आपलाच आदला प्रोग्राम चालू राहिलेला असतो. कित्येकदां तो बंद होऊनही त्याच्या जुन्या जोडण्या सुमारें ६० सेकंद रेंगाळतात. त्यासाठीं बाइंड करण्यापूर्वीं 'रीयूज-अ‍ॅड्रेस' हा पर्याय लावावा. विंडोजवर तोच पर्याय दुसऱ्याची चालू जागा बळकावूं देतो, म्हणून नमुना डोळे मिटून उतरून घेऊं नये.

कोणी म्हणतील, जागा अडली तर प्रोग्रामनें गुपचूप शेजारचा क्रमांक घ्यावा. हेंही मला पटत नाहीं. येणारा जुन्याच दारावर ठोठावीत राहील, त्याची वाट काय? पत्ता, क्रमांक व कारण स्पष्ट छापून प्रोग्रामनें थांबावें. आणि परीक्षकांनीं त्या थांबण्यासही गुण द्यावेत.