मिगची निवृत्ती आणि न मांडलेला घसारा

चंदीगड येथे २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ या लढाऊ विमानाला समारंभपूर्वक निरोप देण्यात आला आणि भारतीय हवाई दलातील त्याची बासष्ट वर्षांची सेवा संपुष्टात आली. ज्या चंदीगडला १९६३ साली या विमानांची पहिली तुकडी उभी राहिली, तेथेच शेवटचा निरोप व्हावा यात औचित्य होते. हवाई दलाचे प्रमुख एअर चीफ मार्शल अमरप्रीत सिंग यांनी त्या दिवशी स्वतः हे विमान चालविले. १९७१ च्या डिसेंबरात ढाक्याच्या गव्हर्नर भवनावर झालेल्या हल्ल्याच्या आठवणी निघाल्या, कारगिलच्या निघाल्या. निरोपाच्या प्रसंगी गुणगान होते, आणि या विमानाच्या बाबतीत ते खोटेही नव्हते. परंतु समारंभाचा मंडप उतरल्यावर एक रुक्ष आकडा मागे उरला. हवाई दलातील लढाऊ तुकड्यांची संख्या २९ झाली. मंजूर संख्या आहे ४२.

खांबसारख्या महामार्गावरच्या गावी राहून रोहा-पेणच्या पोरांना अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाला लढाऊ विमानांशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. डावपेचांविषयी बोलण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकाला नाही, आणि तो हक्क सांगण्याची इच्छाही नाही. मात्र एखादी भांडवली वस्तू केव्हा विकत घ्यावी, किती वर्षे वापरावी आणि तिच्या जागी दुसरी केव्हा आणावी, हा प्रश्न सेनापतींचा जितका आहे तितकाच तो हिशेबाचाही आहे. आणि मिग-२१ ची कथा ही मुख्यतः एका चुकलेल्या हिशेबाची कथा आहे.

या कथेत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले, १९६३ साली नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले, आणि त्यानंतर लवकरच, १९६४ साली, नाशिकजवळ ओझर येथे मिग विमानांचा कारखाना स्थापन झाला. इंजिने ओरिसातील कोरापुटला, विद्युत उपकरणे हैदराबादला आणि विमानाची बांधणी ओझरला, अशी ही वाटणी होती. भारताने वापरलेल्या आठशेहून अधिक मिग-२१ विमानांपैकी सहाशेहून अधिक या देशात बांधली गेली. द्राक्षबागांच्या त्या परिसरात फिटर, टर्नर, वेल्डर यांच्या दोन पिढ्या या विमानावर घडल्या. म्हणून ज्या यंत्राला वृत्तपत्रांनी पुढे ‘उडती शवपेटी’ म्हणून हिणविले, त्याविषयी आपल्याकडे तरी थोड्या जबाबदारीने बोलले जावे असे वाटते. ते विमान वाईट नव्हते. ते ज्या काळासाठी बनले त्या काळात जगातील उत्तम विमानांपैकी एक होते. त्याला त्याच्या काळापलीकडे किती वर्षे राबविले गेले, हा खरा प्रश्न आहे.

वाणिज्य शाखेचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही घसारा म्हणजे काय हे जाणतो. गिरणीमालक यंत्र घेतो तेव्हा त्याच दिवशी त्याच्या झिजेचा हिशेब सुरू होतो. दरवर्षी नफ्यातून काही रक्कम बाजूला काढावी लागते, म्हणजे यंत्र निकामी होईल त्या दिवशी नवे घेण्याची ऐपत हाती असते. आता गंमत अशी की, ज्या सरकारचे प्राप्तिकर खाते खासगी कारखानदाराकडून घसाऱ्याचे कोष्टक मागते, त्या सरकारच्या स्वतःच्या हिशेबात घसारा मांडलाच जात नाही. आपले सरकारी हिशेब रोखीच्या तत्त्वावर चालतात. विमान घेतले त्या वर्षी खर्च पडला आणि प्रकरण मिटले. ते पंधरा वर्षांचे झाले काय, चाळीस वर्षांचे झाले काय, अंदाजपत्रकाच्या कोणत्याही रकान्यात त्याचे वय दिसत नाही. जे रकान्यात दिसत नाही त्याची तातडी कोणाला वाटत नाही, हे कचेरीत काम केलेल्या कोणाही कारकुनाला सांगावयास नको.

आमच्या भागात आता भातशेतीत यंत्रे आली आहेत. तरी बैलांची शेती पाहिलेली माणसे अजून आहेत. जाणता शेतकरी जुना बैल थकेपर्यंत थांबत नसे. दोन पावसाळे आधीच घरचा खोंड तयार करू लागे. त्याला जुन्या बैलाच्या जोडीने जू देई, चिखलणीत फिरवी, आणि खोंडाला वळण लागले की मग जुन्याला विश्रांती. जुना गेल्यावर नव्याच्या शोधात बाजारात हिंडणारा शेतकरी आवण्यांच्या दिवसांत बांधावर बसून राही आणि शेजारी त्याला हसत. मिगच्या बाबतीत देशाने नेमके हेच केले.

मिग-२१ ची जागा घेण्यासाठी हलके लढाऊ विमान देशातच बनवावे असे १९८३ साली ठरले. निर्णय दूरदर्शी होता. पण त्या विमानाचे, म्हणजे आजच्या तेजसचे, पहिले उड्डाण झाले ४ जानेवारी २००१ ला, आणि त्याची पहिली तुकडी उभी राहिली १ जुलै २०१६ ला. मंजुरी आणि तुकडी यांत तेहतीस वर्षे गेली. मंजुरीच्या वर्षी जन्मलेले मूल तोवर बापाच्या वयाला आले. दरम्यान परदेशातून १२६ विमाने घेण्यासाठी २००७ साली निविदा काढल्या, २०१२ साली राफेलची निवड झाली, २०१५ साली तो सगळा खटाटोप गुंडाळून ३६ विमानांवर समाधान मानण्यात आले आणि पहिली पाच अंबाल्यास उतरली जुलै २०२० मध्ये. मधल्या काळात काय करावयाचे? तर १९९६ च्या करारान्वये सव्वाशे मिग-२१ विमानांना नवे रडार व नवी उपकरणे बसवून त्यांना ‘बायसन’ हे नाव दिले गेले. हे कामही ओझरनेच केले आणि चांगले केले. परंतु जुन्या घराला नवा रंग दिला म्हणून वाशांचे वय कमी होत नाही.

विलंबाचे सर्वांत दुःखद प्रकरण लढाऊ विमानांचे नाहीच. ते शिकाऊ विमानांचे आहे. मिग-२१ हे धावपट्टीवर ताशी तीनशे किलोमीटरांहून अधिक वेगाने उतरणारे, चुकीला क्षमा न करणारे विमान. त्यावर बसण्यापूर्वी नवशिक्या वैमानिकाला एखाद्या मधल्या वेगाच्या प्रगत जेट विमानावर हात बसवू द्यावा, असे एअर मार्शल ला फाँटेन यांच्या समितीने १९८२ साली सांगितले. ६६ हॉक विमानांचा करार झाला मार्च २००४ मध्ये. समितीचा अहवाल आणि करार यांत बावीस वर्षांचे अंतर आहे, आणि या बावीस वर्षांत दर वर्षी विशी-बाविशीची मुले मंद गतीच्या ‘किरण’ विमानावरून थेट मिगवर चढत राहिली. पुष्कळशी निभावून नेत. सगळीच नाही. शाळेत पायरीपायरीने गणित शिकविण्याचा आग्रह धरणाऱ्या शिक्षकांना यातील क्रूरता वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

त्या वर्षांतील एक नाव मराठी वाचकाला ठाऊक आहे. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ १७ सप्टेंबर २००१ रोजी राजस्थानात सुरतगढ येथे मिग-२१ च्या अपघातात मृत्यू पावले. त्यांच्या आईने, कविता गाडगीळ यांनी, दुःख घरात कोंडून न ठेवता या विमानांच्या सुरक्षिततेविषयी देशाला उघड प्रश्न विचारले. त्या वेळी काहींना तो औचित्यभंग वाटला. सैनिकाच्या आईने मुकाट्याने अश्रू ढाळावेत अशी आपली समजूत आहे. वस्तुतः त्या माउलीने विचारलेला प्रश्न देशाच्या हिशेबतपासनीसाने वीस वर्षे आधी विचारावयास हवा होता. पुढे २०१२ साली संसदेत आकडे दिले गेले, त्यानुसार ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत नष्ट झाली होती आणि १७१ वैमानिकांनी प्राण गमावले होते. त्याशिवाय जमिनीवर मेलेले ३९ नागरिक. यांत सगळे दोष यंत्राच्या वयाचे नसतील; पक्षी धडकतात, माणसे चुकतात. हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की, स्वस्त म्हणून वापरीत राहिलेले हे विमान मुळीच स्वस्त नव्हते. त्याच्या किमतीचा मोठा हिस्सा कोणत्याही अंदाजपत्रकात न दिसता काही शे घरांनी भरला.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. देश गरीब, शाळांना छपरे नाहीत, गावांना पाणी नाही, विमानांसाठी पैसा आणावयाचा कोठून? आक्षेप प्रामाणिक आहे आणि शिक्षकाच्या तोंडी तो शोभतोही. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात संरक्षणासाठी सुमारे ६ लक्ष ८१ हजार कोटी रुपये ठेवले गेले. त्यांत भांडवली खर्च १ लक्ष ८० हजार कोटी आणि निवृत्तिवेतन १ लक्ष ६० हजार कोटींहून थोडे अधिक. तेव्हा नव्या साधनांसाठी वाव मर्यादित आहे, हे खरेच. पण जो पैसा मिळतो तो तरी वेळेवर खर्च होतो काय? २०२४-२५ साली भांडवली खर्चासाठी १ लक्ष ७२ हजार कोटींची तरतूद होती. सुधारित अंदाजात ती १ लक्ष ५९ हजार ५०० कोटींवर आली. बारा हजार कोटी रुपये टेबलावरून उठून परत गेले. एकतीस मार्चला अखर्चित रक्कम व्यपगत होते, या नियमाचा पंचायत समितीच्या कचेरीपासून दिल्लीपर्यंत सारखाच महिमा आहे. विमानाच्या खरेदीला दहा-दहा वर्षे लागतात आणि पैशाचे आयुष्य मात्र बारा महिन्यांचे, ही विसंगती मोडण्यासाठीच पंधराव्या वित्त आयोगाने संरक्षण व अंतर्गत सुरक्षेसाठी २०२१ ते २०२६ या पाच वर्षांकरिता सुमारे २ लक्ष ३८ हजार कोटींचा, वर्षअखेरीस व्यपगत न होणारा, आधुनिकीकरण निधी सुचविला होता. सरकारने तो तत्त्वतः मान्य केला. ‘तत्त्वतः’ या शब्दाचा अर्थ आपल्या प्रशासनात काय होतो हे सरकारी पत्रव्यवहार केलेल्या वाचकास सांगणे न लगे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. क्षेपणास्त्रे आली, मानवरहित विमाने आली. आता ४२ तुकड्या हव्यात कशाला? कदाचित नकोतही. १९५७ साली ब्रिटनचे संरक्षणमंत्री डंकन सँडिस यांनी श्वेतपत्रिका काढून, क्षेपणास्त्रांच्या युगात लढाऊ विमानांची गरज ओसरत जाणार, असे जाहीर केले व त्यांत कपात केली. त्यांचा अंदाज पुढे चुकला. पण कपात पार्लमेंटपुढे मांडून, वाद घालून, निर्णय म्हणून केली गेली. आपल्याकडे संख्या ४२ वरून ३५ करावी असे कोणी ठरविले नाही, २९ करावी असेही ठरविले नाही. कागदावर ४२ कायम आहेत आणि आकाशात २९ आहेत. निर्णय न घेता झालेली ही कपात आहे, आणि तिचे उत्तरदायित्व कोणाच्याही नावे लिहिलेले नाही.

असे असता हेही नोंदविले पाहिजे की, आपल्याला हे जमतच नाही असे नव्हे. खांबवरून जाणाऱ्या याच महामार्गाने दक्षिणेस गेले तर गोव्याला दाबोळीचा नौदलाचा हवाई तळ लागतो. (महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचे रुंदीकरण २०११ साली निघाले आणि दहा वर्षे उलटली तरी पुरे झाले नाही. विलंबाचे शास्त्र शिकण्यास आम्हांला दूर जावे लागत नाही.) त्या तळावरील सी हॅरियर विमाने ११ मे २०१६ रोजी निवृत्त झाली. पण त्यांची जागा घेणारी मिग-२९के विमाने नौदलात २०१० सालीच दाखल झाली होती. त्यांची तुकडी २०१३ पासून कार्यरत होती. आणि हॅरियरची तुकडी निरोपाच्या दिवशी बरखास्त न होता त्याच दिवशी नव्या विमानांवर गेली. सहा वर्षे जुने आणि नवे शेजारी शेजारी नांदले. या नव्या विमानांच्या इंजिनांविषयी व उपलब्धतेविषयी महालेखापरीक्षकांनी २०१६ साली कडक ताशेरे ओढले, तेव्हा हा आदर्श निष्कलंक नाही. खोंड मात्र वेळेवर जुवाला लावला गेला होता.

हवाई दलापुढचे गणित आता मी वर्गात घालीत असतो. तेजसच्या सुधारित आवृत्तीची ८३ विमाने फेब्रुवारी २०२१ मध्ये मागविली गेली. कराराप्रमाणे ती मार्च २०२४ पासून यावयाची होती. अमेरिकन इंजिने रखडली आणि इतरही कामे रेंगाळली. मिगला निरोप दिला त्या दिवशी त्यांतील एकही हवाई दलाच्या हाती आलेले नव्हते. निरोपाच्या आदल्या दिवशी, २५ सप्टेंबर २०२५ रोजी, आणखी ९७ विमानांचा ६२ हजार ३७० कोटींचा करार झाला. एकूण १८०. तुकडीला अठरा विमाने धरली तर दहा तुकड्या. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझर येथे तेजसच्या बांधणीची तिसरी शाखा सुरू झाली. ज्या आवारात मिग जुळली गेली तेथे नवे विमान बनून उडाले याचा नाशिककरांना आनंद झाला असेल, तो आम्हां रायगडकरांनाही झाला. ओझरची क्षमता वर्षाला आठ, बंगळूरच्या दोन्ही शाखांची मिळून सोळा. पूर्ण वेगाने चालले तरी १८० विमानांना साडेसात वर्षे.

दुसऱ्या बाजूला जग्वार आहेत, १९७९ पासूनची. मिराज-२००० आहेत, १९८५ पासूनची. आणि १९८७ साली पुण्याच्या लोहगावला प्रथम आलेली मिग-२९ आहेत. यांच्या मिळून सुमारे बारा तुकड्या. या सगळ्यांचे वय एकाच दशकातले असल्याने त्यांची निवृत्तीही मागोमागच येणार. येणार दहा, जाणार बारा. हे फळ्यावर लिहिल्यावर मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, “सर, मग बेचाळीस केव्हा होणार?” तो एरवी तासाला फारसा बोलत नाही.

त्याला द्यावयाचे उत्तर अंदाजपत्रकाच्या कागदांत असावयास हवे. प्रत्येक जातीच्या विमानाचे वय, त्याच्या निवृत्तीचे ठरलेले वर्ष, त्याच्या जागी येणाऱ्या विमानाची मागणी नोंदविल्याची तारीख आणि त्यासाठी बाजूला ठेवलेली रक्कम, असे चार रकान्यांचे एक पान दर वर्षी फेब्रुवारीत संसदेपुढे ठेवले जावे. यात गुपित फुटण्यासारखे काही नाही. या जाती, त्यांची वर्षे आणि त्यांचे करार जाहीरच आहेत. चौथा रकाना कोरा राहिला तर तो कोरा आहे, एवढे तरी दिसेल. जग्वारपासून सुरुवात करता येईल.