जायफळाची बाजू

मराठी माणसाला चहा शिकवायला कोणी जात नाही. आलं किसायचं की ठेचायचं, साखर आधी की पावडर आधी, दूध वेगळं तापवायचं की त्यातच ओतायचं, याबद्दल त्याची मतं इतकी ठाम असतात की शिकवायला गेलेला माणूसच दोन गोष्टी ऐकून परत येतो. कॉफीचं मात्र तसं नाही. कॉफीच्या बाबतीत आपल्याला कोणीही यावं आणि सुनवावं. तमिळ शेजाऱ्याने सुनवावं, उडुपी हॉटेलच्या गल्ल्यावरून सुनवावं, आणि बंगळूरला दोन वर्षं नोकरी करून आलेल्या भाच्याने तर सुनवावंच सुनवावं. आपण मुकाट्याने ऐकून घेतो. कारण आपल्या हातून एक गुन्हा घडतो, अशी आपली समजूत करून देण्यात आली आहे. आपण कॉफीत जायफळ घालतो.

आता हे फार झालं. खुनाच्या आरोपीलासुद्धा सरकार वकील देतं. जायफळाला आजवर कोणी दिलेला नाही. ते काम मी आपणहून, बिनफीचं पत्करतो आहे.

आधी आरोपीची ओळख. पातेल्यात दूध घ्यावं, त्यात बेताचं पाणी (हा 'बेत' महिन्याच्या तारखेवर आणि पाहुण्याच्या नात्यावर अवलंबून असतो), साखर जरा सढळ हाताने. दूध वर येऊ लागलं की कॉफीची पूड घालावी. मग डब्याच्या तळाशी दडलेलं ते गोटीएवढं जायफळ शोधून किसणीच्या बारीक बाजूवर दोनतीनदा ओढावं. सहाण असेल तर सहाणेवर उगाळावं. गॅस बंद करून वर झाकण ठेवावं, दोन मिनिटं मुरू द्यावी आणि गाळावी. एवढ्यात आतल्या खोलीतून "कॉफी टाकलीय वाटतं?" असा आवाज येतो आणि एक कप वाढतो. त्या वेळी जे पाणी पातेल्यात पडतं, तेही पाककृतीतच धरावं.

आता मला सांगा, हेच जायफळ पुरणात घातलं की ती सुगरण. श्रीखंडात घातलं की ती परंपरा. आणि तीच बाई, तीच किसणी, तेच जायफळ, पण खाली कॉफीचं पातेलं असलं की एकदम अडाणीपणा! हा कुठला न्याय?

शिवाय आपल्या घरात कॉफीची जागा कोणती, हे या टीकाकारांना ठाऊकच नाही. चहा आपण घड्याळाकडे बघून घेतो. कॉफीला प्रसंग लागतो. मुलाची दहावी आहे, रात्रीच्या गाडीने पाहुणे उतरले आहेत, नाटकाचं मध्यंतर आहे आणि हातात बटाटेवडा आहे, एकादशी आहे आणि आत्याबाईंना उपासाला चहा चालत नाही पण कॉफी चालते (शास्त्राधार विचारू नये). "मी चहा घेत नाही" असं म्हणणाऱ्या पाहुण्याला आपल्याकडे सुटका नाही. आतून लगेच "मग कॉफी टाकते" असा निकाल लागतो. आणि घरात कोणी आजारी असलं, रात्रभर उशाशी बसायचं असलं, तर अकराच्या सुमाराला कोणीतरी न बोलता उठतं आणि स्वयंपाकघरातून किसणीचा आवाज येतो.

आता सरकार पक्षाचे साक्षीदार तपासू.

पहिले साक्षीदार फिल्टरवाले. यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. माटुंग्याला पितळी पेला आणि वाटी यांच्यात वर-खाली ओतून फेस आणलेली ती कॉफी मीही मिटक्या मारत पितो. त्यांचं म्हणणं एकच, "कॉफीत कॉफीच पाहिजे, भलतं काही नको." ठीक. मग तुमचा तो पुडा जरा उजेडात धरा. बहुतेक पुड्यांवर काय छापलेलं असतं? 'कॉफी-चिकोरी मिश्रण'. चिकोरी म्हणजे एका झाडाची मुळी, भाजून दळलेली. नेपोलियनने १८०६ साली इंग्रजांची कोंडी करायला युरोपची बंदरं त्यांना बंद केली, त्यात फ्रेंचांचीच कॉफी तुटली आणि या मुळीचं फावलं. नेपोलियन गेला, मुळी राहिली. आपल्या अन्नकायद्याप्रमाणे अशा मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असावी लागते. म्हणजे उरलेली ४९ टक्के मुळी असली तरी कायद्याला चालते, जिभेला चालते, शुद्धतेला चालते. आणि आमचं चिमूटभर जायफळ चालत नाही! साक्षीदाराने खाली बसावं.

दुसरे साक्षीदार नव्या जमान्यातले जाणकार. यांच्या स्वयंपाकघरात तराजू असतो, थर्मामीटर असतो, बगळ्यासारख्या मानेची किटली असते आणि सेकंद मोजायचं घड्याळ असतं. पंधरा ग्रॅम पूड, ब्याण्णव अंशांचं पाणी, बारीक धार, गोल गोल. पाहुणा तोवर आलेल्या कामाचं विसरून जातो. शेवटी जे हातात येतं त्यात दूध नाही, साखर नाही. आणि ते प्यायचंही नाही, चमच्यात घेऊन जोरात भुरका मारून 'ओळखायचं'. आमचे आजोबा बशीतला चहा भुरकायचे, त्यांना गावंढळ म्हणून झालं. हे भुरकतात त्याला म्हणे परीक्षण म्हणतात!

भुरका मारून झाला की ते डोळे मिटतात आणि सांगतात, "यात जर्दाळू लागतो. मागून थोडा मोगरा." आपण कपात डोकावतो. जर्दाळू दिसत नाही, मोगराही दिसत नाही. पण या मंडळींचं एक रंगीत चक्र असतं. कॉफी-तज्ज्ञांच्या संस्थेनं ते १९९५ साली काढलं आणि २०१६ साली सुधारलं. कॉफीत कोणकोणत्या चवी लागू शकतात, त्यांची ती वर्तुळाकार यादी. वाचकहो, त्या सुधारलेल्या चक्रात मसाल्यांच्या कप्प्यात दालचिनी आणि लवंग यांच्या पंगतीला कोण बसलं आहे? जायफळ! म्हणजे कॉफीत जायफळ नसताना ज्याला ते लागलं तो रसिक, आणि घातल्यावर ज्याला लागलं तो अडाणी. उद्या कोणी म्हणेल, वरणात मीठ न घालता ज्याला खारट लागेल तोच खरा खवय्या.

बरं, हा जायफळाचा तिटकारा तरी खरा आहे का? स्टारबक्स या अमेरिकन कंपनीने २००३ साली 'पम्पकिन स्पाइस लाटे' नावाची एक कॉफी काढली. भरपूर दूध, साखर, दालचिनी, लवंग आणि जायफळ. अमेरिकेत तिच्यासाठी लोक शरद ऋतूची वाट बघतात. नाव भोपळ्याचं, पण २०१५ पर्यंत तिच्यात भोपळ्याचा अंशही नव्हता. भोपळ्याच्या जागी भोपळा! तिला जग डोक्यावर घेतं आणि आमच्या आत्याबाईंच्या पातेल्याला नाव ठेवतं. फरक एवढाच की आत्याबाई कपावर तुमचं नाव लिहीत नाहीत. त्यांना ते पाठ असतं.

कुळाचा प्रश्न काढायचा, तर तोही काढू. जायफळ हा काही कॉफीच्या दारातला भिकारी नव्हे. बांदा बेटांखेरीज ते एके काळी जगात कुठे होत नसे. १६६७ च्या ब्रेडाच्या तहात इंग्रजांनी त्यांतल्या रन नावाच्या इवल्याशा बेटावरचा हक्क सोडला आणि डचांनी मॅनहटनवरचा. म्हणजे आज जिथे न्यूयॉर्क उभं आहे, ती जमीन एका पारड्यात आणि दुसऱ्यात जायफळाचं बेट! डचांना त्या वेळी सौदा फायद्याचा वाटला होता.

आणि कॉफीचं कुळ? सतराव्या शतकात बाबा बुदन नावाचे सूफी फकीर हजहून परतताना येमेनमधून सात बिया लपवून घेऊन आले आणि त्यांनी त्या चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी कथा आहे. पुढे अठराव्या शतकात फ्रेंच माणूस प्येर प्वाव्र याने डचांच्या नाकावर टिच्चून जायफळाची रोपं मॉरिशसला पळवली. दोघंही चोरीच्याच वाटेने जगभर गेलेली. अशा दोन जीवांची आमच्या पातेल्यात गाठ पडली, तर त्यात विजोड काय आहे? शिवाय महाराष्ट्राची कॉफी पिकते चिखलदऱ्याला आणि जायफळ पिकतं कोकणात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण सुगंधा', 'कोकण स्वाद' असे त्याचे वाणही काढले आहेत. विदर्भ आणि कोकण एका कपात! संयुक्त महाराष्ट्र दुसरीकडे कुठे इतका सुरळीत चालतो, दाखवा.

खरं सांगायचं तर शुद्ध कॉफी नावाची वस्तू जगाने फार काळ प्यायलेलीच नाही. अरबांनी तिच्यात वेलदोडा घातला. व्हिएन्नाने वर सायीचा डोंगर चढवला. मेक्सिकोने मडक्यात दालचिनी आणि गुळासारखी साखर घालून उकळली. १९४० च्या दशकात हनोईत दुधाची टंचाई झाली, तर तिथे अंड्याचा बलक फेटून घातला गेला. आणि जी इथिओपिया कॉफीचं माहेर, तिथेही काही भागांत तिच्यात मीठ घालतात, काही ठिकाणी लोणी. माहेरचे लोक मीठ घालून पितात आणि कोणी काही बोलत नाही. सगळी बोलणी सासरी.

एक आक्षेप तेवढा विचार करण्याजोगा आहे. जाणकार म्हणतात, "कॉफी जागं राहण्यासाठी, जायफळ झोप येण्यासाठी. दोन्ही एकत्र म्हणजे एक पाय ब्रेकवर आणि एक अ‍ॅक्सिलरेटरवर." वा! पण घाटात गाडी हाकणाऱ्या कोणालाही विचारा, दोन्ही लागतात. रात्री उशाशी बसलेल्या माणसाला टक्क, चेकाळलेली जाग नको असते. सलाइनचे थेंब मोजता येतील इतपत जाग आणि जीव थाऱ्यावर राहील इतपत सुस्ती, एवढंच हवं असतं. ते कुठल्या तराजूवर मोजत नाहीत. किसणीवर दोनदा की तीनदा, हे घरातल्या बाईला कळतं.

सगळ्याच जायफळाचा मी कैवार घेत नाही. लग्नातल्या त्या वाफ सोडणाऱ्या यंत्राशेजारी बाटलीतली जुनाट पूड उपडी करतात, तिला फाशी झाली तरी माझी हरकत नाही. अख्खं जायफळ किसून घालणाऱ्यालाही आवरायला हवं. ते औषध आहे आणि जास्त झालं तर विषासारखं बाधतं. चिमूट म्हणजे चिमूट.

हे सारं मी एवढ्या तावातावाने का सांगतो आहे? आमच्या मजल्यावर एक मावशी आहेत. सगळ्या मजल्याच्या परीक्षा, बाळंतपणं आणि आजारपणं त्यांच्या कॉफीवर निभावली. त्यांचा भाचा बंगळूरहून आला आणि कप नाकाशी नेऊन म्हणाला, "मावशी, ही कॉफी नव्हे, ही कॉफीची बासुंदी!" सगळे हसले. मावशीही हसल्या. त्यानंतर एकदा मी गेलो, तर ट्रेमध्ये गरम पाणी वेगळं, दूध वेगळं, साखर वेगळी आणि झटपट कॉफीची चार पाकिटं. मावशी म्हणाल्या, "तुमची तुम्ही करून घ्या हो. मला हल्लीची कॉफी काही कळत नाही."

चाळीस वर्षं ज्या बाईने कोणाला किती गोड लागतं हे न विचारता ओळखलं, तिने "मला कळत नाही" म्हणायचं! भाच्याने कॉफी सुधारली असेल की नाही, देव जाणे. एका घरातून एक कप मात्र त्याने नक्की काढून नेला. आपली चव ही चव नसून चूक आहे, असं माणसाला एकदा वाटलं की तो बेचव होत नाही. तो करून घालणं सोडतो. माझं भांडण आहे ते याच्याशी. तुमचा तराजू, तुमची किटली, तुमचा जर्दाळू तुम्हाला लखलाभ. पण दुसऱ्याच्या पातेल्यावरचं झाकण काढून नाक मुरडू नका.

तेव्हा मंडळी, वरच्या फळीवर गेलेली ती किसणी खाली काढा. पाहुण्याला "आमची जायफळाची चालेल ना?" असं ओशाळून विचारू नका. सरळ टाका. आणि भाचा आला तर? त्याला मोठा कप द्या. रात्री दीडच्या गाडीने, पावसात भिजून, डबा न मिळून तो आलेला असला, तर जर्दाळूचं नाव काढणार नाही. निमूट पिईल, आणि पातेल्यात अजून आहे का, म्हणून मान वर करून बघेल.